दुसरं बाळ येतंय, मावशींचा पगार किती वाढवायचा?

प्रश्न :

ताई, मी आणि माझा नवरा दोघंही नोकरी करतो. मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो वर्षाचा झाल्यापासून एक मावशी त्याला सांभाळतात. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. शनिवारी आम्ही दोघंही घरीच असतो, पण राहिलेली कामं उरकायला म्हणून त्या येतात. गेलं दीड वर्ष त्यांचा पगार तोच आहे. दोन महिन्यांनी आमचं दुसरं बाळ येईल. त्यानंतर पाच महिने मी सुट्टीवर असेन.

पगार किती वाढवायचा यावर घरात एकमत होत नाही. नवऱ्याचं म्हणणं, मोठा आता रोज चार तास शाळेत जाणार, म्हणजे काम होतं तेवढंच राहील. सासूबाई म्हणतात, तू घरीच असणार तर पाच महिने वाढ कशाला? आणि आत्ताच वाढवलं तर डोक्यावर बसतील. शेजारीण म्हणते, दोन मुलं म्हणजे दुप्पट पगार. आम्हाला ताणून ताणून पंधरा टक्के जमतील.

मावशी स्वतः काहीच बोललेल्या नाहीत. परवा फक्त विचारलं, ‘बाळाचे कपडे कोण धुणार?’ मी म्हटलं, ‘बघू.’ त्या आम्हाला अगदी घरच्यासारख्या आहेत, त्यामुळे पैशांचं बोलायला संकोच वाटतो. आणि त्या नाहीच म्हणाल्या तर, ही भीतीही आहे. रास्त पगार नेमका ठरवायचा कसा?

– दुसऱ्याच्या वाटेवर

उत्तर :

तुमच्या मावशी काही बोलल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. अहो, बोलल्या की! ‘बाळाचे कपडे कोण धुणार?’ हे पगाराचंच बोलणं आहे. आकडा स्वतःच्या तोंडून काढायला त्यांनाही तुमच्याइतकाच संकोच वाटतो. तुमचा संकोच फार तर विषय लांबवेल, त्यांची मात्र नोकरीच पणाला लागलेली आहे. म्हणून त्यांनी कामाच्या बाजूने विषय काढून पाहिला, आणि तुम्ही ‘बघू’ म्हणालात. पगार देणाऱ्याच्या तोंडचं ‘बघू’ समोरच्या माणसाला कसं ऐकू येतं ते सांगते : कपडे तुम्हीच धुवायचे आणि त्याचं वेगळं काही मिळणार नाही.

तेव्हा आधी त्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. कपडे मशीनला लावणार की हातानं धुणार, दुपटी आणि लंगोट रोज किती निघतील, ते वाळत कोण घालणार आणि घड्या कोण करणार, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. असाच एकेक प्रश्न बाटल्या उकळण्याचा, बाळाच्या अंघोळीचा, मोठ्याला शाळेत पोचवण्या-आणण्याचा. पगाराचा आकडा या यादीतूनच निघतो. तुमच्या घरात मात्र आकडा आधी आणि काम नंतर असं चाललंय, म्हणून चार जणांचे चार आकडे झालेत.

शेजारणीचा आकडा लवकर निकालात काढू. मुलं सांभाळण्याचा पगार डोई मोजून ठरत नाही. दोन कुटुंबं मिळून एकाच बाईंकडे आपली मुलं ठेवतात, तेव्हासुद्धा प्रत्येक घर पूर्ण पगार देत नाही. साधारणपणे दोन-तृतीयांशाच्या आसपास देतं, म्हणजे त्या बाईंना एका घरापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं जास्त मिळतात. तिथे दोन घरांच्या दोन तऱ्हा सांभाळायच्या असतात. तुमच्याकडे घर एकच, आई-बाप तेच, स्वयंपाकघर ओळखीचं. दुप्पट नको. पण शून्यही नको, आणि तुमच्या घरातला खरा वाद शून्याशी आहे.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मोठा शाळेत असेल ते चार तास मावशींकडे एकच मूल असेल, हे खरं. पण आता त्यांचा आजचा दिवस जरा जवळून पाहा. सकाळची धावपळ, मग खेळ, मग जेवण, आणि साधारण एक वाजता मोठा झोपतो. तीनपर्यंत घर शांत. त्या दोन तासांत मावशी जेवतात, पाय लांब करतात, घरी फोन करतात, मुलाचे कपडे घडी करून ठेवतात. दहा तासांच्या दिवसातली त्यांची उसंत काय ती एवढीच. बाळ आल्यावर ही दुपार जाते. तान्ह्या बाळाची झोप दिवसभरात पुष्कळ असते, पण तुकड्यातुकड्यांत. कधी चाळीस मिनिटं, कधी दीड तास. त्याच्या झोपेचं वेळापत्रक साडेतीन वर्षांच्या मुलाच्या झोपेशी जुळलं तर त्या दिवशी नशीब. एरवी एक झोपला की दुसरं उठतं. मोठा शाळेतून येतो तो दमून, चिडचिडा होऊन, भूक लागलेली. आणि बाळाची दुधाची वेळही नेमकी तीच. जेवायचा घास हातात आणि बाळ खांद्यावर, अशी ती दुपार होते.

आता नवऱ्याला आवडेल असा हिशेब. आज दहा तासांत आठ तास अंगमेहनतीचं काम आणि दोन तास उसंत. उद्या तेच दहा तास भरून काम. आठाचे दहा झाले, म्हणजे काम पंचवीस टक्क्यांनी वाढलं. मी पंचवीस टक्के म्हणते ते इथून. मोठा दिवसभर घरीच राहणार असता तर मी तीस ते चाळीस सांगितले असते. शाळेचे चार तास मी त्यात धरले आहेत. पण शाळा म्हणजे सुट्ट्याही आल्या, सर्दी-तापाचे दिवस आले, आणि बाळाला कडेवर घेऊन शाळेच्या दारात उभं राहणंही आलं. त्यासाठी पंचवीसमधून पुढे खाली यायला जागा नाही.

उसंतीच्या त्या दोन तासांचा पगार आपण आजही देतोच ना, असं कुणी म्हणेल. द्यायलाच हवा. मूल झोपलेलं असताना मावशींना घराबाहेर जाता येत नाही, कानही त्याच्याकडेच असतो. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 189 क्रमांकाचा करार आहे. तो 2011 मध्ये मंजूर झाला आणि 2013 पासून अमलात आला. ज्या वेळात कामगाराला स्वतःच्या मर्जीनं वागता येत नाही, घराच्या हाकेला तयार राहावं लागतं, तो वेळ त्या त्या देशाच्या कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत कामाचाच धरावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मुलं सांभाळणाऱ्याही त्यात येतात. तेव्हा दोन्ही तास कामाचेच. फरक एवढाच की पूर्वीचे हलके होते, आता नसतील.

आणखी एक युक्तिवाद तुमच्याकडे अजून झालेला दिसत नाही, पण होईल : पाळणाघरात एक बाई तीन-तीन बाळं सांभाळते, मग दोघांचं काय एवढं? इंग्लंडच्या पाळणाघरांच्या नियमात दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस हवा, असं आहे खरं. पण ती मर्यादा आहे, त्याच्या वर जायचं नाही म्हणून घातलेली. तिथे मुलं एका वयाची असतात, खोलीत दुसरं मोठं माणूस असतं, स्वयंपाक नि फरशी पुसणं वेगळ्या कुणाकडे असतं, आणि बाईला जेवायला जायचं तर बदली मिळते. तुमच्या घरात बदली कोण आहे?

सासूबाईंच्या मुद्द्यावर थोडं जास्त बोलते, कारण तो वरून बरोबर वाटतो. तुम्ही पाच महिने घरी असणार, बाळ बहुतेक वेळ तुमच्याजवळ असणार, मग मावशींना जास्त काम कुठलं? नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. पहिले सहा महिने आईच्या दुधावर ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तुम्ही घरी असाल, पण मोकळ्या नसाल. अंग दुखत असेल, रात्रीची झोप झालेली नसेल. आणि मोठ्याला हे कळणार नाही. आई दिसतेय पण मिळत नाही, हे साडेतीन वर्षांच्या मुलाला आई ऑफिसला जाण्यापेक्षा जड जातं. तो बंद दारावर लाथा मारेल, मावशींना ‘तू जा, मला आई हवी’ म्हणेल, सुटलेला लंगोट पुन्हा मागेल. त्याला त्या दारापासून हटवून हसतं करणं हे काम मावशींचं. शिवाय ‘मावशी, जरा बाळाला धरता का, अंघोळ करून येते’ हे दिवसातून किती वेळा होईल ते तुम्हीच मोजा. काम या पाच महिन्यांत कमी होत नाही, वेगळं होतं. एक मात्र मान्य : शेवटची जबाबदारी त्या काळात तुमची असते. घरात आई आहे, काही झालं तर हाक मारता येते. तुम्ही ऑफिसला गेलात की ती जबाबदारी एकट्या मावशींवर येते. म्हणून मी वाढ दोन टप्प्यांत सुचवते. बाळ आल्या दिवसापासून दहा टक्के, आणि तुम्ही कामावर रुजू व्हाल त्या तारखेपासून पूर्ण पंचवीस. दुसरा टप्पा ‘नंतर बघू’वर सोडायचा नाही, त्याची तारीख आजच सांगायची.

आणि डोक्यावर बसण्याचं म्हणाल, तर दीड वर्ष पगार वाढला नाही तरी ज्या बाईंनी तोंड उघडलं नाही, त्या कुणाच्या डोक्यावर बसतील असं मला वाटत नाही. (हे सासूबाईंना वाचून दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

या दीड वर्षाचं काय करायचं? इथेच बहुतेक घरं गफलत करतात. राहिलेली वार्षिक वाढ आणि बाळाची वाढ एकाच आकड्यात गुंडाळतात आणि वर म्हणतात, बघा, बाळासाठी किती वाढवलं! ही दोन वेगळी देणी आहेत. पहिलं, महागाईमुळे जुन्या पगाराची किंमत जी उतरली, ती भरून काढायची. ते दुसरं बाळ आलं नसतं तरी द्यायचंच होतं. दुसरं, नव्या कामाचं. पहिल्याचा आकडा किती धरायचा यावर माझ्याकडे सोपं माप आहे : या दीड वर्षात तुमचा स्वतःचा पगार जेवढ्या टक्क्यांनी वाढला, तेवढेच टक्के मावशींचे. त्यांना बाजारात वेगळा भाव लागत नाही.

आज त्यांना 100 मिळतात असं धरू. तुमची वाढ 8 टक्के झाली असेल तर आधी 108 करा, बाळ येण्याची वाट न पाहता येत्या महिन्यापासून. त्या 108 वर पहिल्या टप्प्याचे दहा टक्के म्हणजे साधारण 119. दुसऱ्या टप्प्यात 108 वर पंचवीस टक्के म्हणजे 135. तुम्ही म्हणता आमची धाव 115 पर्यंत. त्या पंधरातले आठ तर जुन्या बाकीतच गेले. बाळासाठी उरतात सात. म्हणजे आईच्या पोटातून नुकतंच बाहेर आलेलं बाळ रोज दहा तास सांभाळायला सात टक्के. असं मांडलं की तुम्हालाही ते कमी वाटेल, असा माझा अंदाज आहे.

पण तुमच्याकडे जास्त नाहीत, हेही खरं असू शकतं. दुसरं मूल म्हणजे दवाखाना, शाळेची फी, सुट्टीत कदाचित कापला जाणारा तुमचा पगार. मी तुम्हाला कर्ज काढा म्हणणार नाही. पैसे वाढवता येत नसतील तर काम कमी करा. पूर्ण काम आणि अर्धी वाढ देऊन ‘समजून घ्या ना मावशी’ म्हणायचं नाही. आणि तुमच्या पत्रातच तोड आहे : शनिवार. तुम्ही दोघंही घरी असता तरी त्या येतात. आठवड्याला साठ तासांचे 135, म्हणजे तासाला सव्वादोन. शनिवार काढला की पन्नास तास, त्याचे होतात 112.5. तुमच्या 115 च्या आत. मावशींना आजच्यापेक्षा साडेबारा टक्के जास्त आणि आठवड्याला दोन दिवस सुट्टी, तुम्हाला परवडणारा आकडा, आणि दर रास्त. जे अडीच उरतात ते बाजूला ठेवा. एखाद्या शनिवारी त्यांना बोलवावं लागलंच, तर त्यातून त्याच दरानं वेगळे द्या.

मात्र शनिवारचा मार्ग घेतलात तर दोन टप्प्यांची भानगड सोडा. पहिल्या टप्प्याच्या दरानं पन्नास तासांचे 99 होतात, म्हणजे बाळ आल्यावर मावशींच्या हातात आजच्यापेक्षाही कमी. कागदावर बरोबर आणि माणसाला चूक, अशातला तो हिशेब. सरळ बाळ आल्या दिवसापासून 112.5 द्या.

आणि हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. काहींना सुट्टी हवी असते, काहींना पैसा. शनिवारी दुसरीकडे काम धरून त्या आणखी कमावतील, किंवा म्हणतील, मला सहाही दिवस हवेत, घरी खर्च आहे. तसं असेल तर यादीतलं बाळाशी संबंध नसलेलं काम काढून टाका. तुमच्या पत्रात ‘राहिलेली कामं उरकायला’ असे शब्द आहेत. ती कामं कुठली, हे तुम्हीच नीट पाहा. मोठ्यांच्या कपड्यांना इस्त्री, रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी, कपाटं आवरणं, असंच काहीतरी असणार. मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे ही कामं हळूहळू सरकत येतात आणि मग तिथेच राहतात. दोन मुलं असलेल्या घरात ती ठेवायची नाहीत. मुलांचं जेवण, मुलांचे कपडे, मुलांचा पसारा एवढंच मावशींचं. पण हे काढून आकडा किती खाली येईल? थोडाच. कारण पंचवीस टक्के निघालेत ते बाळामुळे, इस्त्रीमुळे नव्हे. अशा वेळी 125 च्या खाली मी तरी जाणार नाही. ते दहा तुम्हाला दुसरीकडून काढावे लागतील.

औषधपाण्याला केलेली मदत, दिलेली खेळणी, दुपारचं जेवण हे सगळं पगारात धरू नका. ते चांगलंच आहे, चालू ठेवा, पण त्याचा हिशेब पगाराच्या बाजूला मांडला की देण्यातला चांगुलपणा जातो आणि पगारही पुरा होत नाही. मघाशी सांगितलेल्या करारातही पगार रोख, ठरावीक काळानं, निदान महिन्यातून एकदा मिळावा, असंच आहे. वस्तूंच्या रूपात फार तर थोडा भाग, तोही कामगाराची संमती असेल तर.

‘घरच्यासारख्या’बद्दल. तुमच्या मायेवर मी शंका घेत नाही. मात्र हे घरपण बहुतेक एका बाजूनं वापरलं जातं. संध्याकाळी सहा वाजता ‘अजून अर्धा तास थांबा ना मावशी’ म्हणताना त्या घरच्या असतात, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे मोजायची वेळ आली की विषय काढायला लाज वाटते. लाज तुम्हाला वाटते, भुर्दंड त्यांना पडतो. बाळ आल्यावर असे अर्धे तास वाढणार आहेत. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत जास्तीची मिनिटं लिहायची सवय लावा. तुम्ही लिहिलं तरी चालेल, मावशींनी लिहिलं तरी चालेल. महिनाअखेर बेरीज करून पगाराबरोबर द्या. आठवड्याभरात संकोच संपतो.

आता बोलायचं कसं. संध्याकाळी निघताना दारात, चप्पल पायात असताना नको. मोठा झोपलेला असताना, दोघं समोर बसून. नवऱ्यानं हजर राहायलाच हवं. नाहीतर नंतर ‘साहेबांना विचारून सांगते’ असा एक रस्ता उघडा राहतो आणि मावशींना तो नेमका कळतो. सासूबाई त्या दिवशी फिरायला गेल्या तर उत्तम. आणि ‘मावशी, तुम्हीच सांगा किती देऊ?’ असं विचारू नका. ऐकायला हे मोठेपणाचं वाटतं, पण समोरचा माणूस नोकरी जायच्या धास्तीनं नेहमी कमीच सांगतो, आणि मग तोच आकडा त्यांच्या गळ्यात पडतो. तुम्ही आधी आकडा सांगा. साधारण असं :

‘मावशी, बाळ आलं की तुमचं काम वाढणार आहे, ते आम्ही लिहून काढलंय. तुमची गेल्या दीड वर्षाची वाढ आमच्याकडून राहिली, ती या महिन्यापासून देतो. बाळाचं वेगळं. आमच्याकडे दोन मार्ग आहेत, दोन्ही सांगतो. बाळाचे कपडे मशीनला आम्ही लावू, वाळत तुम्ही घालायचे. यात तुम्हाला काय जमणार नाही ते सांगा. आज उत्तर नको, रविवारी घरी बोला आणि सोमवारी सांगा.’

आणि मग गप्प बसा. नवऱ्यालाही गप्प बसायला सांगा. मावशी बहुधा ‘तुम्ही द्याल ते चालेल’ म्हणतील. ते उत्तर धरू नका, सोमवारचंच धरा.

ठरलं की कागदावर. एक पान पुरे. कामाचे दिवस आणि वेळ, कामं कुठली आणि कुठली नाहीत, पगार आणि तो वाढण्याच्या तारखा, जास्तीच्या तासाचा दर, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाच्या आणि वर्षाच्या पगारी सुट्ट्या, काम सोडायचं किंवा सोडवायचं तर किती आधी सांगायचं. तुम्ही कुठे चार दिवस गेलात आणि मावशींना ‘येऊ नका’ म्हटलं, तर ते दिवस पगारी, हेही लिहा. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. आणि त्यांना वाचायची सवय नसेल तर त्यांच्या मुलीसमोर किंवा त्या म्हणतील त्या माणसासमोर मोठ्यानं वाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात साडेसात कोटींहून जास्त घरकामगार आहेत आणि त्यातले पाचातले चार अनौपचारिक कामात आहेत. कामगार म्हणून कुठली सुरक्षा मिळायची ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. एक पान काही कायदा नव्हे. पण ‘तेव्हा तुम्ही असं म्हणाला होता’ या वादातून ते दोघांनाही सोडवतं. तुमच्या ठिकाणी किमान वेतनाचा दर घरकामाला लागू असेल तर माझे सगळे आकडे त्याच्यानंतर. त्याच्या खाली कुठलाही हिशेब जाता कामा नये.

कागदावर आणखी एक तारीख टाका : बाळ नऊ महिन्यांचं होईल तो महिना. तोवर वरचं खाणं सुरू झालेलं असतं, बाळ रांगायला लागलेलं असतं, मोठ्याच्या खेळण्यातले बारीक तुकडे तोंडात घालत असतं. सगळ्यांत जास्त दमवणारा काळ तो, पहिले तीन महिने नव्हेत. तेव्हा पुन्हा बसा, काम ठरल्याप्रमाणे आहे का ते बघा. आणि वार्षिक वाढीचा महिना वेगळा लिहा. पुन्हा दीड वर्षाची बाकी साचायला नको.

त्या नाही म्हणाल्या तर? म्हणू शकतात, आणि कारण पैसेच असेल असं नाही. अडीच वर्षांत त्यांचंही वय वाढलंय. गुडघे, कंबर यांनी साथ सोडली असेल तर बाळाला दिवसभर उचलणं झेपत नाही, आणि हे कबूल केलं तर आहे तीही नोकरी जाईल म्हणून बाई बोलत नाही. म्हणून तुम्हीच विचारा, की बाळाचं तुम्हाला झेपेल ना, आणि नसेल तर मोठ्याचं अर्धा दिवस आजच्याच दरानं तुमच्याकडे राहील. हे सांगितलंत की खरं उत्तर मिळेल. बाळासाठी दुसऱ्या बाई शोधायला मग तुमच्याकडे पाच-सात महिने आहेत. नव्या बाई आल्या की दोन आठवडे दोघींना एकत्र ठेवा, दोघींनाही पूर्ण पगार देऊन. तो खर्च वाया जात नाही. मोठा कुठल्या गोष्टीला हट्ट करतो आणि कुठल्या गोष्टीनं शांत होतो, ते मावशींशिवाय कुणी शिकवणार नाही; तुम्हालाही त्यातलं निम्मं माहीत नसेल.

शेवटचं, आणि हे याच आठवड्यात करायचं. तुम्ही प्रसूतीसाठी दवाखान्यात असाल तेव्हा मोठ्याजवळ रात्री कोण? मनात ‘मावशी राहतील की’ असंच धरून चालला असाल, तर त्यांना तसं विचारलंय का? रात्रीच्या मुक्कामाचा दर दिवसाच्या पगारात येत नाही, तो वेगळा ठरवा. त्यांना घरून निघायला किती वेळ लागतो, मध्यरात्री फोन केला तर त्या येऊ शकतात का, आणि त्यांना नाही जमलं तर दुसरं कोण, हे नक्की करा. जगात दहांतलं एक बाळ 37 आठवडे भरायच्या आत येतं. तुमच्या हातातले दोन महिने पूर्ण मिळतीलच, हे धरून चालू नका.